संक्रांतीचे सुगड : सूर्य, शेत आणि आपले चाक

आपल्या वर्षभराच्या सणांची मोजदाद केली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. गुढीपाडवा, नागपंचमी, गणेशचतुर्थी, दसरा, दिवाळी हे सर्व सण चंद्राच्या तिथीवर बसविलेले आहेत. संक्रांत मात्र तिथी पाहत नाही. तिचा संबंध थेट सूर्याच्या गतीशी आहे. म्हणूनच ती कधी शुद्ध पक्षात येते तर कधी वद्य पक्षात. परंतु इंग्रजी तारीख पाहिली तर ती बहुधा १४ अथवा १५ जानेवारी हीच असते. असा हा सूर्याचा सण आहे. तो शेतकऱ्याचाही सण आहे, कारण त्यात देवापुढे ठेवावयाची प्रत्येक वस्तू शेतातून येते. आणि ती वस्तू ज्यात भरून ठेवावयाची ते सुगड आपल्या चाकावरून उतरते. त्या अर्थाने हा सण आपलाही आहे.

आपले ज्ञातिबांधव मार्गशीर्षापासून सुगडांच्या कामाला लागतात. भोगीच्या आदल्या दिवसापर्यंत बाजारात, पेठेत, घरोघर ती पोहोचवितात आणि मग आपल्या घरचा सण करतात. इतरांच्या देव्हाऱ्यात जे पात्र पूजले जाते ते घडविणाऱ्यांनी त्या पूजेचा अर्थ व इतिहास जाणून घेऊ नये, हे आम्हांस योग्य वाटत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या विषयाचा थोडा विचार आपल्यापुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

संक्रमण म्हणजे काय

सूर्याच्या भासमान मार्गाचे बारा भाग कल्पून त्यांस राशी असे नाव दिलेले आहे. एका राशीतून दुसऱ्या राशीत सूर्याने प्रवेश करणे म्हणजे संक्रमण. वर्षातून अशी बारा संक्रमणे होतात. त्यांपैकी मकर राशीतील प्रवेशास विशेष मान मिळाला, कारण तो उत्तरायणाचा आरंभ मानला गेला. उत्तरायणाचे महत्त्व आपल्या परंपरेत फार जुने आहे. शरपंजरी पडलेले भीष्माचार्य देह ठेवण्यासाठी उत्तरायणाची वाट पाहत राहिले, ही महाभारतातील कथा आपल्यापैकी लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. त्याहूनही मागे गेले तर वेदांग ज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ सूर्य धनिष्ठा नक्षत्राच्या प्रारंभी असताना होतो असे गणित दिलेले आहे. म्हणजे त्या काळी मकर राशीचे नावही नव्हते, तरी सूर्याच्या वळण्याची नोंद आपले पूर्वज ठेवीत होते.

येथे एक शंका सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. शाळेतल्या भूगोलात मुले शिकतात की, २२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लहान दिवस असतो व त्यानंतर सूर्य उत्तरेकडे सरकू लागतो. मग उत्तरायणाचा सण जानेवारीच्या मध्यावर कसा? याचे कारण असे आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे अत्यंत सावकाश डुलतो. त्यामुळे अयनबिंदू नक्षत्रांच्या पार्श्वभूमीवर सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकते. पंचांगातील राशी नक्षत्रांशी बांधलेल्या. सूर्याचे वळणे मात्र अयनबिंदूशी बांधलेले. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी ही दोन्ही एकाच दिवशी येत होती. त्यानंतर त्यांच्यात अंतर पडत गेले व आज ते जवळजवळ २४ अंशांचे, म्हणजे सुमारे २४ दिवसांचे झाले आहे.

याच कारणाने संक्रांतीची इंग्रजी तारीखही हळूहळू पुढे जाते. नाक्षत्र वर्ष आणि इंग्रजी वर्ष यांत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे. तो साठत साठत सरासरी ७०-७२ वर्षांत एका दिवसाचा होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख १२ जानेवारी १८६३. आपल्या आजोबापणजोबांच्या काळी बहुतेक १४ तारखेस येणारी संक्रांत आता पुष्कळ वर्षी १५ तारखेस येते, यात पंचांगकर्त्यांचा काही घोटाळा नाही. आकाशाचाच तो हिशेब आहे.

या हिशेबावर महाराष्ट्रातील विद्वानांनी मोठा वाद घातला होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली प्रसिद्ध केला, त्यात या सायन-निरयन प्रश्नाची सविस्तर चर्चा आहे. ऋतूंशी जुळणारे सायन पंचांग स्वीकारावे, असे म्हणणारा पक्ष तेव्हा होता. लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषानेही पंचांगशोधनात लक्ष घातले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर पंचांग सुरू झाले. त्या पंचांगात सौर पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबर हा, म्हणजे प्रत्यक्ष उत्तरायणाचा दिवस, धरलेला आहे. लोकांनी सण मात्र जुन्या निरयन गणनेनेच चालू ठेवला.

तो का चालू ठेवला, याचा विचार करता आम्हांस त्यात लोकांचा केवळ हट्ट दिसत नाही. आपल्या महाराष्ट्राच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीपासून दिवस वाढू लागतो खरा, परंतु ती वाढ संध्याकाळच्या बाजूने होते. सकाळचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिराच होत राहतो व त्यानंतरच तो लवकर होऊ लागतो. पहाटे उठून कामाला लागणाऱ्या माणसाला सूर्य ‘वळला’ असे वाटावयाचे ते संक्रांतीच्याच सुमारास. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपल्या आजीबाई म्हणतात, ते डोळ्यांनी पाहूनच म्हणतात.

शेत आणि भोगी

संक्रांतीला सुगीचा सण म्हणतात. परंतु दख्खनच्या शेतीकडे पाहिले तर त्यात थोडा फरक करावा लागतो. या दिवसांत खरीप घरात आलेले असते आणि रब्बी अजून शेतात उभे असते. तीळ, बाजरी, मूग ही खरिपाची धान्ये कणगीत पडलेली असतात. गुऱ्हाळे चालू असल्याने नवा गूळ मिळतो. उलट हरभरा घाट्यांवर, गहू ओंबीवर आणि ज्वारी हुरड्यावर आलेली असते. म्हणजे एक पीक हाती आले आहे आणि दुसऱ्याची आशा समोर डोलत आहे, अशा संधिकालाचा हा सण आहे. सुगडात जे पदार्थ भरतात ते पाहावेत : हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, उसाचे करवे, बोरे, गाजर, आणि वर तीळ-हलवा. घरातील खरीप व शेतातील रब्बी ही दोन्ही त्या एका लहानशा मडक्यात एकत्र येतात.

आदल्या दिवसाच्या भोगीचाही हाच अर्थ. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी आणि वांगी, पावटा, गाजर, ओला हरभरा, बोरे, शेंगदाणे यांची तिळकूट घातलेली लेकुरवाळी भाजी हे त्या दिवसाचे जेवण. तिळाचे उटणे लावून स्नान करावयाचे. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण थंडीतील आहाराचे शास्त्रच सांगते. तीळ स्निग्ध व उष्ण, गूळही उष्ण, बाजरीही तशीच. कडाक्याच्या थंडीत शरीराला जे हवे ते या दिवशी देवाच्या निमित्ताने पोटात जाते.

तिळाविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तीळ हे या देशातलेच पीक मानले जाते. हडप्पा येथील उत्खननात जळालेले तीळ सापडले आहेत. संस्कृतात ‘तैल’ हा शब्द ‘तिल’ यावरूनच आला. म्हणजे आपण आज शेंगदाण्याचे किंवा करडईचे ‘तेल’ म्हणतो त्यातही तिळाचेच नाव दडलेले आहे. श्राद्धातही तीळ व सणातही तीळ, असे हे एकच धान्य असावे. पितरांना जे द्यावयाचे तेच शेजाऱ्यालाही द्यावयाचे, इतका मान आपल्या लोकांनी तिळास दिला.

सुगड आणि आवा

आता आपल्या कामाकडे वळू. ‘सुगड’ हा शब्द ‘सुघट’ यापासून आला, म्हणजे चांगला घट. संक्रांतीच्या सकाळी सुवासिनी सुगडांना हळदीकुंकवाची बोटे लावतात, गळ्याभोवती सूत गुंडाळतात, आत वर सांगितलेले जिन्नस भरतात, त्यांवर पणती झाकतात व देवापुढे मांडून पूजा करतात. त्यांतील एक देवास, एक तुळशीस, व इतर सुवासिनींना वाण म्हणून देतात. कित्येक ठिकाणी मोठे काळे सुगड व त्यावर लहान तांबडे सुगड अशी जोडी मांडण्याचा प्रघात आहे.

या काळ्या-तांबड्या जोडीविषयी बाहेरचे लोक पुष्कळदा विचारतात की, ही दोन प्रकारची माती का? आपल्या घरातील लहान मूलही याचे उत्तर देऊ शकेल. माती एकच असते. भाजताना भट्टीत मोकळी हवा खेळली तर मडके तांबडे निघते. तोंडे बंद करून धूर आत कोंडला तर तेच मडके काळे होते. रंगाचा भेद अग्नीने आणि हवेने केलेला आहे, मातीने नव्हे. हे ज्याच्या हातांना ठाऊक आहे त्याला माणसामाणसांतील वरवरच्या भेदांविषयी निराळे सांगावे लागू नये.

वाण देण्याच्या या चालीस पुष्कळ घरी ‘आवा लुटणे’ असे म्हणतात. हा शब्दप्रयोग आपण सर्वांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आवा म्हणजे कुंभाराची मडकी भाजण्याची भट्टी. एका आव्यातून निघालेली भांडी घरोघर मुक्तहस्ते वाटून टाकणे, हा त्या शब्दांतील सरळ अर्थ दिसतो. पुढे काळाच्या ओघात मडक्यांऐवजी कंगवे, आरसे, डब्या, रुमाल अशा वस्तू वाणात आल्या. परंतु शब्द आव्याचाच राहिला. कोणत्याही बाईने आज स्टीलची वाटी लुटली तरी ती लुटते आवाच. आपल्या धंद्याचे नाव मराठी भाषेने एका मंगल दानाला दिले, यापेक्षा मोठा सन्मान आम्हांस तरी दुसरा दिसत नाही.

या दानामागे जुन्या गावाची एक व्यवस्था उभी होती. कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याने गावाला वर्षभर घागरी, गाडगी, रांजण, पणत्या पुरवावयाच्या आणि सुगीच्या वेळी खळ्यावर आपले बलुते धान्यरूपाने घ्यावयाचे, अशी ती रीत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे गुणदोष स्पष्टपणे मांडलेले आहेत. संक्रांतीला सुगडे घेऊन घरोघर जाणाऱ्या कुंभारणीच्या पदरात सुपाने धान्य पडे. त्या व्यवस्थेत सुरक्षितता होती, तसा मिंधेपणाही होता; तिचे गोडवे गात बसण्याची आवश्यकता नाही. परंतु एक गोष्ट तिच्यात खरी होती. सूर्य पिकवी, शेतकरी कापी, कुंभार पात्र देई आणि ते पात्र भरून पुन्हा सर्वांच्या घरी जाई. कोणी एकट्याने सण करीत नसे.

सूर्याचा सण आपल्या धंद्याला आणखी एका कारणाने जवळचा आहे. ओल्या मडक्याचे नशीब उन्हावर अवलंबून असते. एकदम कडक उन्हात ठेवले तर ते तडकते, ऊन मुळीच न मिळाले तर भट्टीत फुटते. आधी सावलीत, मग उन्हात, असे ते जपून वाळवावे लागते. पौषातील दिवस लहान, हवेत दव, ऊन कोवळे. अशा दिवसांत हजारो लहान सुगडे वेळेवर वाळवून भाजून देणे हे किती कष्टाचे काम आहे, ते आपल्या घरातील स्त्रियांनाच विचारावे. चाकावर पुरुष बसला तरी माती मळणे, मडकी वाळवणे, उलटसुलट करणे, रंगविणे आणि विकणे हे बहुतेक त्यांच्याच हातून होत आले आहे.

हात किती जुने

आपल्या कारागिरीचे वय किती, हे सांगण्यास आता पुराणकथांचाच आधार घ्यावा लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेरजवळ जोर्वे हे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली झालेल्या उत्खननात चाकावर घडविलेली, उत्तम भाजलेली, तांबूस रंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली मृद्भांडी सापडली. टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी ही भांडी ‘जोर्वे’ याच नावाने पुराणवस्तुशास्त्रात प्रसिद्ध झाली. पुढे पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. तेथे सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. सातू पिकविणारी ती माणसे होती. आणि त्यांच्या वस्तीत मडकी भाजण्याची भट्टीही मिळाली. त्या काळी संक्रांत होती असे आम्ही म्हणत नाही. धान्य पिकविणारा आणि ते साठविण्यास मडके घडविणारा हे दोघे या भूमीत इतक्या काळापासून शेजारी राहत आले, एवढे मात्र निश्चित.

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तर आपल्या सर्वांचे तीर्थच. संत गोरोबाकाकांचे ते गाव. प्राचीन काळी ते तगर या नावाने दूरदेशी व्यापारासाठी ओळखले जाई. सातवाहन काळातील मातीच्या मूर्ती व भांडी तेथे विपुल सापडली असून रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून तेथे वस्तुसंग्रहालय उभे राहिले आहे. गोरोबाकाकांच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या बांधवांनी समाधीपुढे मस्तक ठेवून लगेच परत न फिरता ते संग्रहालयही मुलांना दाखवावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. संतांच्या मेळ्यात थापटी घेऊन कच्चे-पक्के मडके पारखणाऱ्या गोरोबांची आख्यायिका प्रसिद्धच आहे. आपल्या अवजाराने ज्ञानाची पारख व्हावी, असे महाराष्ट्राने मानले, ही लहान गोष्ट नव्हे.

इतर प्रांतांत

हाच सण भारतभर निरनिराळ्या नावांनी होतो. पंजाबात आदल्या रात्री लोहडीची शेकोटी पेटते, आसामात माघ बिहू, गुजरातेत पतंगांचे उत्तरायण, उत्तर हिंदुस्थानात खिचडी, बंगालात पिठे आणि गंगासागरची यात्रा. कर्नाटकात तीळ-गूळ-खोबऱ्याचे मिश्रण ‘एळ्ळु-बेल्ल’ म्हणून वाटतात आणि गोड बोला असेच सांगतात. आंध्र-तेलंगणात भोगीच्या दिवशी लहान मुलांच्या डोक्यावरून बोरे ओततात. आपल्याकडचे बोरनहाण ते हेच. हलव्याचे दागिने घातलेले, काळे झबले नेसलेले मूल मध्ये बसवून त्यावर बोरे, उसाचे तुकडे, चुरमुरे ओतणे आणि ते वेचण्यास इतर मुलांनी धावणे, हा सोहळा दोन भाषांच्या सीमा ओलांडून एकच आहे.

तमिळनाडूत पोंगल हा तर वर्षातील मोठा सण. तेथे अंगणात, उगवत्या सूर्यासमोर, नव्या मातीच्या मडक्यात दूध, नवे तांदूळ व गूळ घालून शिजवितात. ते उतू गेले की सर्वजण आनंदाने घोष करतात. उतू जाणे हेच तेथे शुभ. त्या मडक्याला हळदीचे ओले रोप बांधतात, जसे आपण सुगडाला सूत बांधतो. पितळेची व स्टीलची भांडी घरोघर आली तरी तेथील पुष्कळ कुटुंबे या दिवसासाठी नवे मडकेच आणतात. म्हणजे आपल्याकडे सुगड, तेथे पोंगलचे मडके. सूर्याला नवे धान्य अर्पावयाचे तर ते नव्या मातीच्या पात्रातून, हा विचार उभ्या दख्खनने धरून ठेवला आहे.

संक्रांत अशुभ कशी

इतका हा मंगल सण असून मराठीत ‘एखाद्यावर संक्रांत येणे’ याचा अर्थ मात्र संकट कोसळणे असा होतो. याचे कारण विचारले की बहुतेक लोक पानिपताकडे बोट दाखवितात. पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, असे ते सांगतात. या समजुतीची थोडी तपासणी करणे इष्ट आहे.

पानिपतचे महायुद्ध १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ या दिवशी झाले, याविषयी शंका नाही. परंतु वर सांगितल्याप्रमाणे संक्रांतीची तारीख पुढे पुढे सरकत आलेली आहे. १८६३ साली ती १२ जानेवारीस होती, तर त्यापूर्वी शंभर वर्षे ती १० जानेवारीच्या आसपास येणार, हा साधा हिशेब आहे. म्हणजे भाऊसाहेबांचे सैन्य रणात उतरले तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस लोटले होते. आज आपली संक्रांत १४ तारखेस पडते म्हणून तेव्हाही ती त्याच तारखेस असेल, असे गृहीत धरल्यामुळे हा भ्रम झाला.

मग या स्मृतीत काहीच तथ्य नाही काय? तथ्य आहे, परंतु ते एक वर्ष आधीचे. दत्ताजी शिंदे यमुनेच्या काठी बुराडी घाटावर पडले ते १० जानेवारी १७६० रोजी, म्हणजे संक्रांतीच्याच पर्वावर. लागोपाठ दोन जानेवारी महिन्यांत महाराष्ट्रावर दोन घाव बसले. पहिला संक्रांतीला आणि दुसरा तिच्या पाठोपाठ. लोकांच्या मनात ते दोन्ही एकत्र झाले असल्यास नवल नाही. लाखो घरांतील शोकाची ती आठवण आहे. तिचा उपहास कोणी करू नये. तथापि आठवण आणि तारीख या दोन गोष्टी निराळ्या ठेवणे, हे इतिहास वाचणाऱ्याचे कर्तव्य होय.

भीतीचे दुसरे कारण पंचांगात आहे. संक्रांत ही एक देवी कल्पून तिने शंकरासुराचा वध केला व दुसऱ्या दिवशी किंकरासुरास मारले, अशी कथा सांगतात. त्यावरून किंक्रांत अथवा करिदिन पाळतात. दरवर्षी ती कोणत्या वाहनावर बसून आली, कोणते वस्त्र नेसली, काय खात आहे, याचे वर्णन असते आणि ती ज्या वस्तू वापरील त्या महागतील किंवा नष्ट होतील, असे मानले जाते. अमुक रंगाच्या बांगड्या नकोत, अमुक कापड नको, अशा अफवा काही वर्षी गावोगाव उठतात व गरीब बायका घाबरून जातात. कथा ही कथा म्हणून ऐकावी. ज्या देवीने असुर मारले ती लेकीबाळींच्या बांगड्यांवर कशाला कोपेल, एवढा साधा प्रश्न आपल्या घरात विचारला जावा.

आज काय राखावे

या सर्व विवेचनाचा आपल्या चालू जीवनाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. गेल्या दोन पिढ्यांत घागरीची जागा प्रथम तांब्या-पितळेने, मग अॅल्युमिनियम, स्टील व प्लॅस्टिकने घेतली. रांजण गेला, गाडगे गेले. आपले पुष्कळ बांधव गणेशमूर्तीच्या कामात, वीटभट्टीत किंवा नोकरीत गेले व तेथे त्यांनी नावही मिळविले. रोजच्या वापरातून मडके हद्दपार झाले तरी दिवाळीची पणती, नवरात्राचा घट, लग्नातील कऱ्हा, अखेरच्या यात्रेतील मडके आणि संक्रांतीचे सुगड ही राहिली. म्हणजे समाजाने आपल्याला स्वयंपाकघरातून काढले, पण जन्ममरणाच्या व देवाधर्माच्या प्रसंगांतून काढले नाही. हा धागा आपण आपल्या बाजूने तुटू देता कामा नये. ज्यांच्या घरी आता चाक नाही त्यांनीही सुगडे आपल्याच गावच्या कारागिराकडून, योग्य मोल देऊन, घासाघीस न करता घ्यावीत. दुसऱ्यांनी आपल्या मालाची किंमत जाणावी अशी अपेक्षा करणाऱ्यांनी प्रथम स्वतः ती जाणली पाहिजे.

वाणाच्या बाबतीतही विवेक हवा. चार दिवसांत मोडणारी प्लॅस्टिकची वस्तू लुटण्यापेक्षा एखादी मातीची पणती, मूठभर कडधान्य, मुलांची वही अथवा पुस्तक दिले तर ते वाण कामी येईल. रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात कोणाचे वाण भारी, ही चढाओढ सुरू झाली की आव्याचा मूळ अर्थ, म्हणजे आपल्याजवळचे सर्वांना वाटणे, हरवून बसतो.

यापुढची गोष्ट थोडी अवघड आहे, तरीही ती सांगितल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. सुगडाची पूजा व वाण हे सुवासिनींपुरते मानले गेल्यामुळे आपल्याच घरातील विधवा भगिनी या दिवशी आतल्या खोलीत बसून राहतात. वर्षभर माती मळून, सुगडे वाळवून, बाजारात नेऊन विकणारी बाई सणाच्या दिवशी मात्र सुगडाला हात लावू शकत नाही, असे दृश्य आपल्या वस्त्यांतून पुष्कळांनी पाहिले असेल. तिच्या हातचे सुगड दुसऱ्यांच्या देव्हाऱ्यात चालते. मग ते तिच्याच ओटीत का चालू नये? आम्ही वर दाखविले आहे की सुगडात जे भरतात ते शेताचे व सूर्याचे देणे आहे. सूर्य ऊन देताना कोणाच्या कपाळाकडे पाहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. एका गावाला जे जमले ते आपल्या संघटित ज्ञातीला न जमण्याचे कारण नाही. आपल्या महिला शाखेने येत्या संक्रांतीचे हळदीकुंकू सर्व भगिनींसाठी खुले ठेवावे आणि पहिले सुगड समाजातील एखाद्या वयोवृद्ध, कष्ट केलेल्या मातेस द्यावे, मग ती सुवासिनी असो वा नसो, अशी आमची नम्र सूचना आहे. वडीलधाऱ्यांनी ती मनावर घेतली तर तरुण पिढी मागे राहणार नाही.

परंपरा म्हणजे जुने सर्व जसेच्या तसे पुढे रेटणे नव्हे. संक्रांतीची तारीखसुद्धा शतकानुशतके सरकत आली. तरी सण टिकला, कारण लोकांनी त्यातील देणे-घेणे सोडले नाही. मडके पक्के की कच्चे हे त्याच्या रंगावरून ठरत नाही, ते वाजवून पाहावे लागते. आपल्या चालीरीतींनाही अशीच थापटी मारून पाहावी. ज्या पक्क्या वाजतील त्या राखाव्यात, ज्या बद्द वाजतील त्यांची माती पुन्हा मळावी. तेवढी कला आपल्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या आहेच.

सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस येणारे उत्तरायण आरोग्याचे व भरभराटीचे जावो, ही सूर्यनारायणाच्या चरणी प्रार्थना. तिळगूळ घ्या, गोड बोला.